‘अगत्य’ : एका शब्दाची गती आणि अगती

गेल्या वर्षी तुळशीचे लग्न उरकल्यावर पौडला एका ओळखीच्या घरी लग्नपत्रिकेचा मसुदा तपासायला बसलो होतो. मुलीचे वडील भातशेती करणारे, भाऊ हिंजवडीला कंपनीत नोकरीला. मी जुनी कागदपत्रे वाचतो, मोडी वाचता येते, एवढ्या भांडवलावर तालुक्यात मला शुद्धलेखनासाठी बोलावणे येते. पत्रिकेत कुलदैवत, मुहूर्त, मामा, आत्या, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ हे सगळे जागच्या जागी होते. शेवटची ओळ होती : ‘तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.’

मुलीचा भाऊ म्हणाला, “काका, हे ‘अगत्य’ काढून टाकू का? वर ‘आग्रहाचं निमंत्रण’ आहेच. आणि त्याचा अर्थ तरी काय?”

उत्तर वडिलांनी दिले. “अरे, अगत्य म्हणजे आगतस्वागत. आलेल्या माणसाचं करायचं असतं ते.”

मीही मान डोलावली. चहा झाला, मसुदा छापखान्यात गेला. मात्र परतीच्या एसटीत ते वाक्य डोक्यातून जाईना. अगत्य म्हणजे स्वागत असेल तर ते यजमानाने करायचे. इथे तर पाहुण्याला सांगितले आहे की तुम्ही अगत्य या. पाहुण्याने येताना स्वागत कुठून आणायचे? वाक्य जुळत नव्हते. शंभर वर्षे छापून छापून गुळगुळीत झालेल्या या ओळीत काहीतरी अडकून राहिले आहे, असे वाटले. त्या अडकलेल्या गोष्टीचा हा शोध. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. कोश, जुनी पत्रे आणि मुळशीतली पायपीट एवढाच माझा आधार आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

शब्दाचे कूळ

पहिली गोष्ट, ‘अगत्य’ आणि ‘आगत’ यांचा रक्तसंबंध मानतात तसा नाही. ‘आगत’ म्हणजे आलेला. त्यात ‘आ’ दीर्घ आहे आणि तो ‘इकडे’ असा अर्थ देतो. ‘अगत्य’मधला ‘अ’ ऱ्हस्व आहे आणि तो नकाराचा आहे. अ अधिक गती. गती म्हणजे जाणे, जाण्याची वाट, आणि म्हणून उपाय, आसरा. जिथे वाटच नाही ती अगती. संस्कृतात ‘अगत्या’ म्हणजे ‘दुसरा उपाय नसल्यामुळे’, ‘नाइलाजाने’.

हे कूळ मराठीला अनोळखी नाही. ‘गत्यंतर नव्हते’ असे आपण रोज म्हणतो. गत्यंतर म्हणजे दुसरी गती, दुसरी वाट. ‘अगतिक’ हा तर ‘अगत्य’चा सख्खा भाऊ. ज्याला वाट उरली नाही तो अगतिक. म्हणजे ज्या घरातून अगतिक निघाला त्याच घरातून अगत्य निघाले. एक दाराबाहेर हात पसरून उभा राहिला आणि दुसरा दारात हात जोडून. हे कसे घडले, हा खरा प्रश्न आहे.

मराठीतले मधले टप्पे शोधता येतात. पहिला अर्थ निकडीचा. पेशवाईतल्या मोडी पत्रांत अमुक गोष्ट करणे अगत्य आहे, तमुक माणूस अगत्य पाठवावा, अशी भाषा येते. तिथे प्रेमाचा मुद्दाच नसतो. काम अडले आहे, केल्यावाचून चालणार नाही, एवढाच अर्थ. एकोणिसाव्या शतकातल्या निबंधांत आणि वर्तमानपत्रांत ‘मुलींस शिक्षण देणे अगत्याचे आहे’ या घाटाची वाक्ये पावलोपावली भेटतात. आजच्या ‘आवश्यक’ची जागा तेव्हा या शब्दाकडे होती. जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७मध्ये. त्यातही हे निकडीचे अंग ठळक आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत, म्हणजे १९३०च्या दशकापर्यंत, निकड आणि आस्था हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

दुसरा टप्पा आस्थेचा. ‘त्याला घराचे काही अगत्य नाही’ असे आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले असते. इथे स्वागत नाही आणि निव्वळ गरजही नाही. ‘त्याला घराची फिकीर नाही’ असा अर्थ आहे. जी गोष्ट केल्यावाचून चालत नाही ती मनाला लागून राहते. बाहेरची निकड आत गेली की तिची काळजी होते.

तिसरा टप्पा आजचा. ‘अगत्याने विचारपूस केली’, ‘मोठ्या अगत्यशील आहेत हो वहिनी.’ काळजी आता दारात आलेल्या माणसावर येऊन थांबली. निकड, आस्था, आदरातिथ्य अशा तीन पायऱ्यांनी शब्द वर चढला, की खाली उतरला, हे ज्याने त्याने ठरवावे.

शेजाऱ्यांकडे पाहिले की मराठीचे वेगळेपण लक्षात येते. कन्नडमध्ये ‘अगत्य’ आजही गरजच आहे. जीवनावश्यक वस्तूंना तिथे ‘अगत्य वस्तुगळु’ म्हणतात. तेलुगूतला ‘अगत्यम्’ही तसाच. गुजरातीत ‘अगत्यनुं’ म्हणजे महत्त्वाचे. सोलापूरकडचा एखादा कन्नडभाषक व्यापारी आणि पुण्यातला गुजराती दुकानदार दोघेही ‘अगत्य’ म्हणतील, पण पाहुण्याला पाट मांडणे त्यांच्या मनात येणार नाही. निकडीच्या शब्दाला जेवायला वाढण्याचे काम लावले ते मराठीने.

असे जगात इतरत्र घडतच नाही, असे मात्र नाही. इंग्रजीत मदतीला तत्पर माणसाला ‘ऑब्लायजिंग’ म्हणतात. त्याचे लॅटिन मूळ ‘बांधणे’ असे आहे. जो बांधला गेला तो आधी बांधील झाला, आणि पुढे त्या बांधिलकीलाच सौजन्य म्हणू लागले. आपल्याकडचा ‘आग्रह’ही असाच. ‘ग्रह’ म्हणजे धरणे. घट्ट धरून ठेवणे हे हट्टाचे लक्षण. पण पंगतीत ‘अजून एक घ्याच’ म्हणून ताटावर वाकलेल्या यजमानाचा आग्रह आपल्याला गोड लागतो.

आता पत्रिकेची ओळ उलगडते. ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणजे ‘आल्यावाचून राहू नये’. त्यात स्वागताचा संबंध नाही, आज्ञेचा आहे. शब्द जुन्या अर्थाने बसला आहे आणि वाचणारे नव्या अर्थाने वाचत आहेत.

पुढं पाणी, मागं डोंगर

शब्दाचा अर्थ मुळशीत बदलला, असा माझा दावा नाही. शब्दाला असे एक गाव नसते. पण निकडीचे अगत्य कसे होते, हे मला कोशात समजले नाही ते मुळशीत समजले.

पंधराएक वर्षांपूर्वी आषाढात मुळशी तलावाच्या कडेने ताम्हिणीच्या दिशेला एका वाडीवर गेलो होतो. काम जुन्या पाटीलकीच्या कागदांचे होते. कागद मिळाले नाहीत आणि शेवटची गाडी चुकली. पाऊस असा की दहा पावलांवरचे दिसेना. एका घराच्या पडवीत उभा राहिलो. आतून सत्तरीच्या पुढची आजी आली, मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, “भिजलास की रं बाबा. आत ये.” मी संकोचाने म्हणालो, पाऊस कमी झाला की निघतो. त्यावर ती म्हणाली, “आता जाशील कुठं? पुढं पाणी, मागं डोंगर.”

रात्री चुलीपाशी नाचणीची भाकरी, खेकड्यांचे कालवण आणि भात मिळाला. घरात माणसे सहा आणि भाकऱ्या मोजून थापलेल्या, हे मला दिसत होते. मी दुसऱ्या भाकरीला नको म्हणालो तर आजी रागावली. तिने ‘अगत्य’ हा शब्द उच्चारला नाही. मुळशीच्या घरगुती बोलीत तो मी क्वचितच ऐकला आहे. तिथे आवतण असते, पाहुणचार असतो, ‘वाईच बसा’ असते. पण पुढे काही वर्षांनी अगत्यचे मूळ कळले तेव्हा पहिल्यांदा आठवले ते आजीचे वाक्य. ‘जाशील कुठं’ ही अगतीची व्याख्या आहे. माझी वाट बंद होती म्हणून तिच्यावर मला आत घेणे आले. माझी अगती तिचे अगत्य झाली.

सह्याद्रीच्या ऐन धारेखालचा हा मुलूख. मुळा आणि निळा या नद्यांची खोरी, अंगावर येणारे डोंगर, चार महिने कोसळणारा पाऊस. ओढा फुगला की वाडी तुटायची. संध्याकाळी दारात आलेल्याला ‘पुढच्या गावी बघा’ म्हणण्याची सोयच नव्हती, कारण पुढचे गाव गाठता येत नव्हते. आज मी आत घेतले नाही तर उद्या घाटात मी अडकेन तेव्हा मला कोण घेणार, हा हिशेबही त्यात असणारच. हिशेब असल्याने त्यातला ओलावा कमी होतो, असे मला वाटत नाही.

शेतीतही तेच. भाताचे रोप साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की आवणी झालीच पाहिजे. रोप थांबत नाही आणि खाचरातले पाणीही थांबत नाही. एका घरच्या चार-पाच हातांनी सगळी खाचरे वेळेत लावून होत नाहीत. म्हणून सावड. आज तुझ्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तू. पैशांचा व्यवहार नाही, पण कोण किती दिवस आले हे लक्षात ठेवलेले असते. ज्याचे शेत त्याच्याकडे जेवण. नांगरटीसाठी सगळ्यांचे बैल एका शेतात उतरवले जातात ती इर्जिक. बाहेरून आलेल्याला हे मेळ्यासारखे दिसते. गाणी असतात, थट्टा असते, जेवण चारीठाव असते. आतून पाहणाऱ्याला ठाऊक असते की यात न येणाऱ्याचे खाचर उद्या कोरडे राहणार.

म्हणून ‘मनमिळाऊ’ आणि ‘अगत्य’ यांत मी फरक करतो. मनमिळाऊ हा स्वभाव आहे. स्थळांच्या जाहिरातीत आणि श्रद्धांजलीच्या चौकटीत तो शोभतो. कुणी मनमिळाऊ असतो, कुणी माणूसघाणा. अगत्य हा मुळात स्वभाव नव्हताच. माणूसघाण्यालाही पावसात दार उघडावे लागे. मन मिळो न मिळो, करावे लागे ते अगत्य. आजीला माझ्याबद्दल प्रेम वाटण्याचे काहीच कारण नव्हते. तरी दार उघडले, आणि उघडल्यावर जे वाढले त्यात कमी केले नाही.

अगत्याचे, अगतिक आणि आग्रह

त्या आजीच्या सासऱ्यांची खाचरे तलावाखाली आहेत. तिनेच सकाळी बोट दाखवून जागा सांगितली. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. या शब्दाच्या सगळ्या शाखा एकाच वेळी एकाच जागी भिडल्या, तो प्रसंग इथलाच.

टाटांची जलविद्युत योजना आधी लोणावळ्याकडे सुरू झाली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५मध्ये चालू झाले, आंध्र खोऱ्यातल्या पाण्यावरचे भिवपुरीचे १९२२मध्ये. मुळशीच्या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी १९१९मध्ये निघाली. कल्पना साधी आणि विलक्षण होती. पूर्वेला वाहणारी मुळा अडवायची, तिचे पाणी बोगद्याने पश्चिमेला नेऊन कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी स्वस्त वीज हवी होती. सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक हितासाठी जमीन घेतली. शहराच्या भाषेत सांगायचे तर वीज अगत्याची होती. शब्दाचा पहिला, कोरडा, निकडीचा अर्थ.

या अगत्यापायी पन्नासच्या आसपास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे अगतिक होणार होती. याच कायद्यात एक तरतूद होती जी मला या शब्दाच्या इतिहासात महत्त्वाची वाटते. जमिनीच्या बाजारभावाखेरीज, संपादन सक्तीचे आहे म्हणून, वर १५ टक्के द्यायचे. म्हणजे मालकाला ‘नाही’ म्हणायची वाट ठेवलेली नाही, हे कायद्याला मान्य होते, आणि त्या बंद वाटेची किंमत त्याने शेकडा पंधरा ठरवली होती. १९८४च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली, २०१३च्या नव्या कायद्याने १०० टक्के. अगतिकतेचा भाव वाढत गेला, एवढे खरे.

१६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पुढे आले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी त्यात होती. न. चिं. केळकरांसारखे पुण्याचे पुढारी पाठीशी होते. गांधीजींनीही त्या वर्षी ‘यंग इंडिया’तून टाटांना फेरविचाराचे आवाहन केले. पुण्याहून आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून सत्याग्रही मावळात आले, धरणाच्या कामावर ठाण मांडून बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून या सत्याग्रहाचे नाव आता घेतले जाते. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

वर ‘आग्रह’ शब्दाबद्दल म्हटले ते इथे पुन्हा आठवावे. पंगतीतला आग्रह आणि सत्याग्रहातला आग्रह एकच. धरले ते सोडायचे नाही. ज्या मावळात पाहुण्याला ‘घ्याच’ म्हणून धरून बसायची रीत होती, त्या मावळात माणसे जमिनीला धरून बसली.

पण लढ्याची दुसरी बाजू लपवता येत नाही. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. त्यांना चांगला रोख मोबदला मिळाला तर धरण चालणार होते. कसणाऱ्या मावळ्याला मोबदला नको होता, जमीन हवी होती. कारण रोख रक्कम सावकाराच्या वहीत वळती होणार आणि हातात काही उरणार नाही, हे त्याला दिसत होते. हळूहळू एकजूट ढिली पडत गेली आणि १९२४च्या अखेरीस लढा थांबला. शेवटपर्यंत हट्ट न सोडणाऱ्या सेनापती बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले.

मला यात अगत्याची कसोटी दिसते. शहराला गावाचे अगत्य होते का? होते. पण बहुतेकांचे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाचे होते. कळकळ होती, जिव्हाळा होता, सभांत भाषणे होती. पहिल्या अर्थाचे, म्हणजे माझी वाट तुझ्या वाटेला बांधलेली आहे, तू बुडालास तर मीही बुडतो, असे अगत्य फार थोड्यांचे होते. बापटांचे होते. कळकळ असलेला माणूस दमला की परत जाऊ शकतो. सावडीतल्या माणसाला परत जाता येत नाही.

मुंबईत दादर-परळच्या गिरणगावातून जाणाऱ्या रस्त्याला आज सेनापती बापट मार्ग असे नाव आहे. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली त्यांच्या कडेने मुळशीच्या सेनापतीचा रस्ता जातो. कुणी मुद्दाम केले नसेल. पण त्या रस्त्याने जाताना मला दरवेळी पत्रिकेतली ओळ आठवते. नव्या अर्थाने वाचले तर सन्मान, जुन्या अर्थाने वाचले तर दुसरेच काही.

अगत्याचा उंबरा

इथवर वाचून कुणाला वाटेल की जुने मावळ म्हणजे माणुसकीचे आगर होते. तसे लिहिले तर ते खोटे होईल. अगत्याला उंबरा होता. पडवीत कोण थांबणार, ओटीवर कोण, माजघरात कोण आणि अंगणातच कोण, हे जातीने ठरलेले होते. कातकरी तर या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, जंगल आणि नदी ओळखणारे. सावडीच्या हिशेबात येण्याइतकी जमीनच त्यांच्यापाशी नव्हती. सावड बरोबरीच्यांची असते. ज्याच्यापाशी परत करायला खाचर नाही त्याच्याकडून मजुरी करून घेतली जाते. जमिनीचा मोबदलाही ज्याचा जमिनीवर हक्क त्यालाच. ज्यांच्या नावे काहीच नव्हते त्यांची अगतिकता कायद्याच्या १५ टक्क्यांतही मोजली गेली नाही.

आणि हे अगत्य बायकांच्या कष्टांवर उभे होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. ‘आमच्याकडं कुणी उपाशी जात न्हाई’ असे पुरुष अभिमानाने सांगतो. भाकऱ्या थापणारी त्या वेळी आत असते, आणि पाहुणा वाढला की तिच्या ताटातली भाकरी कमी होते. त्या आषाढातल्या रात्री आजी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली. तिने काय खाल्ले ते मला दिसले नाही, कारण तोवर मला घोंगडीवर झोपायला पाठवले होते. जे करावेच लागते ते कुणाला करावे लागते, हा प्रश्न अगत्यच्या व्युत्पत्तीतच दडलेला आहे. ‘गत्यंतर नाही’ हे घरात सर्वांत आधी तिला लागू होते.

आजचा पाहुणा

आज मुळशी तालुका पाहुण्यांचा तालुका झाला आहे. पुण्याकडच्या अंगाला बावधन, सूस, हिंजवडी यांचे गाव आणि शहर वेगळे करता येत नाही. पिरंगुटच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊस, रिसॉर्ट, ‘घरगुती जेवण मिळेल’च्या पाट्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. तलावाकाठच्या गावांतली तरुण मुले तिथे कामाला आहेत. पाहुण्याला हात जोडून नमस्कार करायला त्यांना प्रशिक्षणात शिकवतात. त्यांच्या आज्यांना ते कुणी शिकवले नव्हते.

मी याची कुचेष्टा करत नाही. पोरांना गावाजवळ काम मिळाले, हे चांगलेच आहे. पण अगत्य विकायला आले की त्याची एक बाजू गळते. पैसे देणाऱ्या पाहुण्याला गत्यंतर असते. हे नाही आवडले तर तो पुढच्या ठिकाणी जाईल. ज्याला पुढे जायला वाट आहे त्याचे आदरातिथ्य होऊ शकते, सेवा होऊ शकते. मूळ अर्थाने अगत्य होते ते वाट नसलेल्याचे.

आणि वाट नसलेली माणसे आजही येतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडातून बांधकामावर आणि कारखान्यांत आलेली कुटुंबे याच तालुक्यात पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यासाठी भाड्याच्या पाट्या आहेत, ठेकेदार आहेत. त्यांच्या संदर्भात ‘अगत्य’ हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी स्वतः वाट हरवलेल्यांच्या या तालुक्यात तो ऐकू यावा, असे मला वाटते. कोशातला पहिला अर्थ अजून मेलेला नाही, याचा तो पुरावा ठरेल.

पत्रिका छापून आली तेव्हा मुलीचा भाऊ ती द्यायला घरी आला होता. मी त्याला शब्दाची हकिकत सांगितली : अगत्य म्हणजे आल्यावाचून राहू नये, दुसरी वाट नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ती विनंती नव्हेच. हुकूम आहे.”

“हुकूम आहे,” मी म्हटले, “पण तो दोघांवर आहे. त्यांनी यायचं आणि तुम्ही घ्यायचं.”

त्याने पत्रिका उलटून ती ओळ पुन्हा वाचली. शब्द काढलेला नव्हता. लग्नाच्या दिवशी मांडवात त्यांच्या घराशेजारच्या बांधकामावरची चार-पाच बिऱ्हाडे पोराबाळांसह पंगतीला बसलेली मी पाहिली. त्यांना पत्रिका दिली होती की तोंडी आवतण होते, ते मी विचारले नाही. मुलीची आई स्वतः वाढत होती आणि दुसऱ्या भाताला नको म्हणणाऱ्या एका बाईच्या ताटावर वाकून तिला रागे भरत होती.